दोन मॉनिटरसाठी दहा-बारा हजारांत ग्राफिक्स कार्ड: ठाण्यात काय घ्यावं?

खोपटकरीण

नमस्कार मंडळी. घरून जीएसटी रिटर्न आणि टॅलीची कामं करते. खोपटला घर, तेच ऑफिस. मशीन असेंबल केलेलं आहे: आय५-१०४००एफ, १६ जीबी रॅम, एच४१० चिपसेटचा बोर्ड, साधाच ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. कार्ड होतं जीटी ७१०. ते गेल्या आठवड्यात गेलं. आधी पडद्यावर उभ्या हिरव्या रेघा, मग काळोख. बोर्डाला मागे व्हीजीए आणि एचडीएमआय आहे, पण तिथे केबल लावली तर काहीच येत नाही.

मॉनिटर दोन. एक जुना चौकोनी १९ इंची, १२८० बाय १०२४, त्याला फक्त व्हीजीए. तो काढून टाका असं कृपया सांगू नका. नोटिसा आणि पीडीएफ वाचायला तो फार सोयीचा पडतो. दुसरा नवा २७ इंची ४के, त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. त्याचं सुख मला अजून लाभलेलंच नाही, कारण जुन्या कार्डावर त्याच्यावर माऊस फिरवला की बाण मागून रखडत यायचा.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, चार जीबीवालं जीटी ७३० न्या. दोन मॉनिटर ना? दोन जीबी ह्याला, दोन जीबी त्याला." हे ऐकून मी घरी आले आणि इथे लिहायला बसले.

बजेट दहा हजार, फार तर बारा. जीएसटीचं बिल हवंच. मुलगा आठवीत आहे, त्याच्या मते गेमिंगच्या आरटीएक्स कार्डाशिवाय पर्याय नाही. त्याचं मत तूर्त बाजूला ठेवून सल्ला द्या.

पाचपाखाडी_काका

ताई, आधी कार्ड खरंच गेलंय का ते बघा. बाहेर काढा, सोनेरी दातांवरून शाळेचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, स्लॉटमधली धूळ फुंका (तोंडाने नव्हे, थुंकी जाते), पुन्हा घट्ट बसवा. रॅमही एकदा काढून घाला. आपल्याकडच्या दमट हवेत निम्मे "गेलेले" भाग असे उठून बसतात.

खोपटकरीण

काका, खोडरबर झाला, रॅमही झाली. दिराच्या मशीनमध्येही लावून पाहिलं, तिथेही त्याच रेघा. गेलंच आहे ते.

गेमर_घणसोली

तुमच्या मुलाचं बरोबर आहे :) आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं घ्या. २०२४ मध्ये आलं, ७० वॅट खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, तुमच्या ४५० वॅटवर आरामात चालेल. बजेटच्या वर जाईल पण पाच वर्षं बघायला नको.

कळव्याचा_कळफलक

@गेमर_घणसोली, कार्ड चांगलंच आहे, वाद नाही. पण टॅली आणि एक्सेलसाठी बजेटच्या दीडपट खर्च करायला सांगणं म्हणजे त्यांचे पैसे आणि तुझी हौस.

@खोपटकरीण, तुमच्या दुकानदाराचं "दोन जीबी ह्याला, दोन जीबी त्याला" फ्रेम करून लावण्यासारखं आहे. हिशेब तुमचा प्रांत, तेव्हा हिशेबानेच बघू. ४के पडदा म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. झाले साधारण ३३ एमबी. तुमचा चौकोनी पडदा सव्वापाच एमबी. दोन्ही मिळून ४० एमबीच्या आत. विंडोज एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती बाळगतं, उघड्या खिडक्याही मेमरी घेतात, ब्राउझर तर घेतोच. सगळं धरूनही नुसतं ऑफिसकाम करायला दोन जीबी पुरतात. गेमला जास्त मेमरी लागते ती त्यातल्या चित्रांसाठी, मॉनिटरच्या संख्येसाठी नव्हे.

डब्यावर सगळ्यात मोठा छापलेला आकडा तुमच्या कामाचा नाही. कामाची गोष्ट डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते: पोर्ट कुठले, किती आणि कुठल्या आवृत्तीचे.

तुमचा माऊस रखडायचा त्याचं कारणही तेच. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर नुसत्या रंगांचीच माहिती १२ गिगाबिटच्या आसपास जाते. जीटी ७१० चा एचडीएमआय १.४ आवृत्तीचा, त्याची एकूण क्षमता १०.२. म्हणून ते बिचारं ३० वेळाच पाठवत होतं. एचडीएमआय २.० ची क्षमता १८, तिथे ६० मिळतात. डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा पुढचा असेल तरी ६० मिळतात.

म्हणजे तुमची गरज एका वाक्यात सांगायची तर ४के ६० हर्ट्झवर देणारा एक पोर्ट आणि ज्यातून व्हीजीए काढता येईल असा दुसरा. बाकी सगळं नंतर.

आणि जीटी ७३० नकोच. त्या एका नावाखाली वेगवेगळ्या चिपा विकल्या गेल्यात, काही तर तुमच्या ७१० हूनही जुन्या पिढीच्या. तिथेही एचडीएमआय १.४ च, म्हणजे ४के परत ३० वर. शिवाय त्या पिढ्यांचे ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) बंद झालेत. तुमच्या ७१० च्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले आणि सुरक्षेपुरते अपडेटही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होते. लोकांची पॅन आणि आधार पडद्यावर उघडी असणाऱ्या मशीनमध्ये असलं कार्ड मी बसवणार नाही.

तिरपागडा_तुर्भे

+१. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात चार जीबीचं ७३० आहे. चार जीबी आहेत ही त्याच्याबद्दलची एकमेव चांगली गोष्ट.

खोपटकरीण

कळफलक, हे कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. एक शंका. बोर्डावर पोर्ट आहेत तर तिथून का येत नाही? आणि ते चालू करता आले तर कार्ड न घेताच भागेल का?

ऐरोली_नाईटशिफ्ट

मी एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, दिवसभर (म्हणजे रात्रभर) हेच करते.

तुमच्या प्रोसेसरच्या नावातला शेवटचा एफ हाच घोळ. इंटेलच्या एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून बोर्डाचे पोर्ट मुके. कार्ड लावायचंच आहे म्हणून दोन पैसे वाचवायला असेंबल करणारे हमखास एफ घालतात. त्यात गैर काही नाही, फक्त कार्ड गेलं की मशीन आंधळं होतं.

आता एफ नसलेला आय५-१०४०० सेकंडहँड मिळवून अदलाबदल करता येईल. जुना प्रोसेसर विकला तर खर्चही फार नाही. व्हीजीए मॉनिटर तर थेट बोर्डालाच लागेल, कन्व्हर्टर नको. पण ४के अडेल. त्या पिढीच्या प्रोसेसरमधून बोर्डाच्या साध्या एचडीएमआयला १.४ च येतो. म्हणजे परत ३० हर्ट्झ, परत रखडता बाण. बोर्डाला डिस्प्लेपोर्ट असता तर मी म्हटलं असतं कार्ड घेऊच नका. तुमच्या बोर्डाला तो नाही.

म्हणून कार्डच. आणि गेमिंगच्या यादीतून बाहेर पडून वर्कस्टेशनवाली, म्हणजे ऑफिसकामाच्या मशीनसाठी बनवलेली, छोटी कार्डं बघा: क्वाड्रो पी४००, पी६२० आणि त्यांच्यानंतरचं टी४००. ऑफिसांमधून ही हजारोंनी लागलेली आहेत, पण घरच्यासाठी कार्ड घेणाऱ्यांना त्यांची नावंच माहीत नसतात. टी४०० ला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, ३० वॅट, पॉवर केबल नको, आकाराने वितभर. ४के ६० वर सहज. गेमिंग म्हणाल तर नाव काढू नका. पी६२० ला चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, ४० वॅट, पण ते एक पिढी जुनं, पास्कल.

सेक्टर_सतरा

धाग्यात घुसतोय, माफ करा. वाशीत छोटं ऑफिस आहे. सहाव्या पिढीच्या आय५ चे ब्रँडेड बारीक डबे सेकंडहँड घेतलेत, आडवे ठेवायचे असतात ते. दोन मॉनिटर लावायचेत, दोन्ही फुल एचडी, दोन्हींना एचडीएमआय. मागे दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय दिसतंय. वेंडर म्हणतो प्रत्येक डब्यात अर्ध्या उंचीचं कार्ड घालावं लागेल. पाच डबे आहेत. कुठलं घालू?

ऐरोली_नाईटशिफ्ट

@सेक्टर_सतरा, कुठलंच नाही. त्या प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स तीन मॉनिटर चालवतं. एक मॉनिटर एचडीएमआयला लावा, दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल आणा. पाच केबलींत काम संपलं.

दिशा मात्र सांभाळा. ती केबल एकाच बाजूने चालते: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट हवं असेल, म्हणजे कॉम्प्युटरचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट, तर साधी केबल चालत नाही, पॉवर लागणारा वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. दिसायला दोन्ही केबली सारख्याच असतात आणि काउंटरवर कुणी विचारत नाही.

सेक्टर_सतरा

बस? पाच केबली? वेंडरने पाच कार्डांचं कोटेशन दिलंय हो.

तिरपागडा_तुर्भे

कोटेशन जपून ठेवा, पुढच्या वर्षी घासाघीस करायला कामी येईल.

पाचपाखाडी_काका

केबलींचा विषय निघालाच आहे तर खोपटच्या ताईंसाठी लिहितो. नोकरीची सगळी वर्षं तारा जोडण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

व्हीजीए हे जुनं अॅनालॉग. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये जीटीएक्स १० या मालिकेपासून अॅनालॉग सिग्नल निघणंच बंद झालं. त्याआधीच्या कार्डांना जो पांढरा डीव्हीआय असायचा त्यात अॅनालॉगच्या पिनाही असत, त्यामुळे एक छोटासा जोड लावला की व्हीजीए मिळायचं. तो जोड अजूनही प्रत्येक दुकानाच्या ड्रॉवरमध्ये सापडतो आणि दुकानदार तो काढून देतो. नव्या कार्डाच्या डीव्हीआयमध्ये तो जातच नाही. कार्डाकडे नीट पाहा: एका कडेला एक आडवी चपटी पट्टी असते. तिच्या वर दोन आणि खाली दोन अशी चार छोटी भोकं असतील तर अॅनालॉग आहे, तो डीव्हीआय-आय. नुसतीच पट्टी असेल तर तो डीव्हीआय-डी, तिथे जोड दाबून बसवायला गेलात तर पिना वाकतील. लोक पिना कापून बसवतात असंही पाहिलंय. बसतो, पण चित्र येत नाही.

तेव्हा नव्या कार्डाला अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, ज्यात आत एक चिप असते. डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए किंवा एचडीएमआय ते व्हीजीए, दोन्ही मिळतात आणि काही शेकड्यांत काम होतं. १२८० बाय १०२४ त्याच्यासाठी किरकोळ. मिनी डिस्प्लेपोर्टचं कार्ड घेतलंत तर कन्व्हर्टरही मिनीचाच घ्या, जोडाला जोड लावत बसू नका.

४केसाठी घरातली जुनी एचडीएमआय केबल वापरून मग कार्डाला दोष देऊ नका. सेट टॉप बॉक्ससोबत आलेल्या फुकटच्या केबलीवर १८ गिगाबिट जाईलच असं नाही. मध्येच पडदा काळा होऊन परत येत असेल तर संशय पहिला केबलवर.

कळव्याचा_कळफलक

काका, दंडवत.

ताई, दहा-बारा हजारांत नवीन घ्यायचं तर आणखी तीन नावं तुमच्या कानावर येतीलच, तेव्हा आत्ताच बोलून टाकू. दर मुद्दाम लिहीत नाही. मेमरीचे भाव चढल्यापासून सकाळचा दर संध्याकाळी राहत नाही.

पहिलं जीटी १०३०. २०१७ चं आहे, ३० वॅट, एचडीएमआय २.० असल्यामुळे तुमचा ४के ६० वर चालेल, दुसरा पोर्ट बहुधा डीव्हीआय-डी, म्हणजे काकांनी सांगितलेली गंमत. दुकानात सहज मिळतं. पण यात दोन प्रकार आहेत आणि नाव एकच. जीडीडीआर५ मेमरीवालं सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं, डीडीआर४ वालं १६.८. तिप्पट फरक, आणि डब्यावर तो एका बारीक ओळीत. शिवाय तेही पास्कल. त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलेत, सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीने येणार आहेत. नवीन म्हणून घ्यायला मला ते जिवावर येतं. सेकंडहँड स्वस्तात मिळालं तर गोष्ट वेगळी.

दुसरं इंटेल आर्क ए३१०. कागदावर सुरेख, यूट्यूबचा नवा एव्ही१ व्हिडिओ चालवायला तर या दरात उत्तम. पण त्याला बोर्डात रिसाइजेबल बार नावाची सोय लागते, जिच्यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. ती नसली तर कार्ड फार मंदावतं आणि तसं वापरू नका असं इंटेलच सांगतं. तुमची दहावी पिढी म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून कदाचित मिळेल. रिटर्नच्या तारखा तोंडावर असताना बायोसशी खेळायचं का, ते तुम्हीच ठरवा.

तिसरं रेडिऑन आरएक्स ६४००. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट, तुम्हाला हवे तेवढेच. ५३ वॅट. ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या, चारच लेन वापरतं आणि तुमचा बोर्ड तिसऱ्या आवृत्तीचा, त्यामुळे गेममध्ये मार खातं, पण एक्सेलला त्याचं काही देणंघेणं नाही. बजेटमध्ये बसलं तर वाईट नाही.

माझं मत नाईटशिफ्टसारखंच, टी४००. ट्युरिंग पिढी, ड्रायव्हर चालू, तीन पोर्ट, उद्या तिसरा मॉनिटर लावलात तरी हरकत नाही.

गेमर_घणसोली

टी४०० वर व्हॅलोरंट गेम चालतो का? मुलासाठी विचारतोय.

खोपटकरीण

कुणाच्या? :)

ऐरोली_नाईटशिफ्ट

@गेमर_घणसोली, सेटिंग खाली ओढली की चालतो. पण हे त्याच्या आईच्या कामाचं मशीन आहे, लक्षात ठेव.

लॅमिंग्टनचा_जुना_गिऱ्हाईक

सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर थोडं. ऑफिसांतून निघालेली वर्कस्टेशन कार्डं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात भरपूर येतात. दादरला बदलून ग्रँट रोड, बाहेर पडलं की चालत. रविवारी जाऊ नका, बाजार बहुतेक बंद असतो. ही कार्डं ऑफिसात एसीमध्ये वाढलेली असतात, गेमिंगवाल्यांसारखी रात्रंदिवस तापवलेली नसतात, म्हणून सेकंडहँडमध्ये मला तीच बरी वाटतात.

ऑनलाईन जाहिरातींतून घेताना मात्र सांभाळा. माझ्या भाच्याने नेरुळ स्टेशनवर भेटून जीटीएक्स १०५० टीआय घेतलं. पाकीट छान, स्टिकर छान, विंडोजही नाव बरोबर दाखवत होतं. घरी आणल्यावर मला दिसला तो मागचा निळा व्हीजीए पोर्ट. काकांनी वर सांगितलंच आहे की त्या मालिकेत अॅनालॉग निघत नाही. मग हा पोर्ट आला कुठून? जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, त्याने नावाआधी सरळ 'फेक' असं दाखवलं. आत कितीतरी जुनी चिप, बायोस बदलून नवं नाव चढवलेलं. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद.

घेण्याआधी चालू मशीनवर जीपीयू-झेड दाखवा म्हणावं. जो दाखवायला कां कू करतो त्याला राम राम.

कर_वाचवा

ताई, तुम्ही स्वतः जीएसटी बघता आणि दर सगळे करासकट मोजताय? नोंदणी आहे ना तुमची? कार्डावर १८ टक्के लागतो. ११,८०० चं बिल असेल तर १,८०० इनपुट क्रेडिट, म्हणजे तुमच्या भरायच्या करातून वजा, तुम्हाला पडलं दहा हजारांना. सेकंडहँड माणूस सात हजार रोख मागतो, बिल नाही, वॉरंटी नाही. फरक तीन हजारांचा. वर तो रोखीचा माल वहीत दाखवता येत नाही, आणि नव्या कार्डावर कॉम्प्युटरचा ४० टक्के घसारा मिळतो. आता बोला.

खोपटकरीण

नोंदणी आहे. पण घसारा दहा हजारांवरच हं, क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारा मिळत नाही. लोकांना रोज सांगते आणि स्वतःचा हिशेब मात्र करासकट करत बसले होते.

ठरलं. नवीन, बिलासकट.

तिरपागडा_तुर्भे

अवांतर: घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांनी पंख्याचं कार्ड घेतलं तर दर सहा महिन्यांनी ब्लोअर मारा. मेट्रोच्या कामाची धूळ अशी बसते की पंखा आधी कुरकुरतो, मग थांबतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, निदान पाटावर ठेवा.

पाचपाखाडी_काका

आणि यूपीएस? ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅट देतो. ३० वॅटच्या कार्डाने काही बिघडत नाही, ७० वॅटच्यानेही नाही. पण २७ इंची मॉनिटर, राउटर आणि प्रिंटर एकाच यूपीएसवर असेल तर प्रिंटर काढा. लेझर असेल तर नक्कीच काढा. पावसाळ्यात वीज गेली आणि तेव्हाच प्रिंट सोडलीत तर सगळंच बसेल.

खोपटकरीण

मंडळी, घेतलं. टी४००, चार जीबीवालं (दोनचं शिल्लक नव्हतं, दुकानदाराला खूप बरं वाटलं असेल). ठाण्यात दोन दुकानांत "ते काय असतं?" ऐकलं, तिसऱ्याने मुंबईहून मागवून दुसऱ्या दिवशी हातात दिलं. बिल बारा हजारांच्या किंचित वर, कर वजा जाता बजेटच्या आत. तीन वर्षांची वॉरंटी.

लावतानाचं कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. कार्ड हातात घेतल्यावर वाटलं की फसवलं, एवढंसं आहे. डब्यात दोन धातूच्या पट्ट्या होत्या, एक बुटकी आणि एक लांब. माझ्या कॅबिनेटला लांब हवी. ती बदलायचे स्क्रू इतके बारीक की दिराचा चष्मा दुरुस्तीचा स्क्रूड्रायव्हर आणावा लागला. सोबत मिनी ते मोठा डिस्प्लेपोर्ट असा जोड आला होता, पण काकांचा सल्ला ऐकून सरळ मिनी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली, आणि चौकोन्यासाठी मिनी ते व्हीजीए कन्व्हर्टर.

मशीन पहिल्यांदा चालू करताच दोन्ही पडदे आले. ४के वर ६० हर्ट्झ. माऊसचा बाण आता हाताबरोबर चालतो. जीएसटी पोर्टल ४के वर, नोटीस चौकोन्यावर. आवाज जवळजवळ नाहीच.

तक्रार एकच. मिनी डिस्प्लेपोर्टला खटका नसतो. कॅबिनेट भिंतीकडे सरकवलं की केबल निसटून पडदा जातो. सध्या केबल मागे टेबलाच्या पायाला बांधून ठेवली आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. खिडकी ४के वरून चौकोन्यावर ओढली की एकदम राक्षसी मोठी होते, मग एका क्षणात लहान होते. काही जुन्या युटिलिटी ४के वर धूसर दिसतात. हे कार्डाचं का?

कळव्याचा_कळफलक

अभिनंदन! कार्डाचं नाही, विंडोजच्या स्केलिंगचं आहे. २७ इंचावर ४के म्हणजे अक्षरं मुंगीएवढी, म्हणून विंडोजने तिथे १५० टक्के लावलं असेल. चौकोन्यावर १००. खिडकी ओढताना ती मधल्या सीमेवर गोंधळते. ओढूच नका: विंडोज, शिफ्ट आणि उजवा किंवा डावा बाण एकत्र दाबा, खिडकी थेट पलीकडे जाते.

धूसर दिसणाऱ्या युटिलिटीच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. त्यात खालचा ओव्हरराइडचा चौकोन टिकमार्क करून 'सिस्टम' आणि 'सिस्टम एनहान्स्ड' दोन्ही करून बघा. जे बरं दिसेल ते ठेवा. काही सॉफ्टवेअरं कशानेच सुधारत नाहीत, ती सरळ चौकोन्यावर उघडा.

डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन पडद्यांची चित्रं माऊसने ओढून टेबलावर आहेत तशीच मांडा. उंचीही जुळवा, नाहीतर बाण कडेला अडतो आणि लोक माऊस बदलतात.

सेक्टर_सतरा

माझंही कळवतो. पाच केबली आणल्या. चार डब्यांवर लगेच दोन-दोन मॉनिटर चालू झाले. पाचव्यावर दुसरा येतच नाही. केबल बदलली, मॉनिटर बदलला, तरी नाही. मशीन तेच, मॉडेलही तेच.

ऐरोली_नाईटशिफ्ट

त्या पाचव्यात आधीच्या मालकाने कार्ड घातलेलं आहे का? मागे आडव्या स्लॉटमध्ये आणखी पोर्ट दिसतात का बघा. कार्ड असलं की बरेच बायोस बोर्डाचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात.

सेक्टर_सतरा

आहे! खाली एक बारीक कार्ड आहे, एक डीव्हीआय आणि एक एचडीएमआय. पहिला मॉनिटर मी त्याच्याच एचडीएमआयला लावला होता, म्हणून तो दिसत होता.

ऐरोली_नाईटशिफ्ट

मग दोन मार्ग. बायोसमध्ये मल्टी मॉनिटर किंवा मल्टी डिस्प्ले अशा नावाचं सेटिंग असेल ते चालू करा, दोन्हीकडचे पोर्ट एकत्र चालतील. नाहीतर वायर काढून, मशीन पूर्ण बंद करून, ते कार्डच उपसून काढा आणि बाकी चारांसारखं करा. मी दुसरं करेन. जुनं कार्ड आत ठेवून त्याचा ड्रायव्हर कोण सांभाळत बसणार.

सेक्टर_सतरा

काढलं. दोन्ही आले. कार्डावर जीटी ७३० लिहिलंय, चार जीबी. कुणाला हवंय का?

तिरपागडा_तुर्भे

आमच्या सोसायटीला विचारतो. त्यांच्याकडे एक आहे, जोडी होईल.